मदत हवी आहे: क्षमा मिळणारच असेल तर पाप टाळायचे कशाला?

सर्वांना सप्रेम सलाम. पुण्यातील आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात येत्या रविवारी मला बोलायचे आहे. गेल्या सभेत एका मुलाने सरळ विचारले, की बायबलमधील १ योहान १:९ प्रमाणे पाप पदरी घेतल्यावर, म्हणजे कबूल केल्यावर, क्षमा मिळणारच असेल, तर शनिवारी रात्री मोह टाळण्याची एवढी धडपड कशासाठी. प्रभुभोजनापूर्वी (भाकर व द्राक्षारसाच्या विधीपूर्वी) कबुली दिली म्हणजे झाले. (प्रश्न उद्धट वाटला, तरी प्रामाणिक होता.) रोमकरांस पत्राच्या ६ व्या अध्यायात पौलाने हाच युक्तिवाद खोडून काढला आहे, आणि योहानही त्याच पत्रात २:१ मध्ये आधी पाप न करण्याविषयी बोलतो, मगच कैवाऱ्याचा, म्हणजे आपली बाजू मांडणाऱ्या ख्रिस्ताचा, उल्लेख करतो. मात्र एवढेच ठासून सांगितले, तर आधीच पडलेला एखादा मुलगा हताश होऊन मंडळीत येणे सोडेल, अशी धास्ती वाटते. हा विषय कोणी शिकवला असल्यास सुरुवात कोणत्या वचनापासून केली, ते कृपया कळवावे.