पहिले दुकान उघडताना भांडवलाचा किती भाग मालात घालावा?

प्रश्न : नवा गल्ला

मी 24 वर्षांची आहे. तीन वर्षे लेखनसाहित्याच्या एका मोठ्या दुकानात काम केल्यानंतर आता लेखन आणि चित्रकलेच्या साहित्याचे स्वतःचे दुकान उघडण्याच्या तयारीत आहे. भांडवलातला निम्मा भाग माझ्या बचतीचा आहे आणि उरलेला निम्मा आईवडिलांनी ठेवी मोडून दिलेला आहे, त्यामुळे एकेक आकडा मी पुन्हा पुन्हा तपासते आहे. सध्याची विभागणी अशी आहे : जागेची अनामत आणि सुरुवातीचे भाडे यांसाठी 20 टक्के, फर्निचर, रंगकाम आणि पाटी यांसाठी 25 टक्के, मालासाठी 50 टक्के आणि हाती 5 टक्के. माल भरपूर असावा असे मला मनापासून वाटते, कारण ‘ते संपले आहे’ हे ऐकून परत जाणारे ग्राहक मी नोकरीत रोज पाहिले आहेत आणि त्यांतले बरेच जण पुन्हा फिरकले नाहीत.

दोन जागा पाहिल्या आहेत. एक हमरस्त्यावर आहे, पण अरुंद आणि महाग आहे. दुसरी आतल्या गल्लीत आहे, तिचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट आणि भाडे त्याहून बरेच कमी आहे. विभागणीत आणि जागेच्या निवडीत कुठे चूक होत असेल तर अनुभवी मंडळींनी स्पष्टपणे सांगावे.

उत्तर : जुनी वही

तुमच्या विभागणीतला शेवटचा आकडा मला सर्वांत आधी खटकला. हाती 5 टक्के ठेवून दुकान उघडणे म्हणजे पहिल्या दिवसापासून विक्रीच्या भरवशावर भाडे भरणे होय, आणि नव्या दुकानाची विक्री पहिले काही महिने कुणाच्याच भरवशाची नसते.

माझे चपलाबुटांचे दुकान आहे आणि त्याला 22 वर्षे झाली. उघडले तेव्हा मी 26 वर्षांचा होतो आणि भरलेले दुकान म्हणजे चालणारे दुकान अशी माझीही समजूत होती. पहिल्या खरेदीत मी प्रत्येक नमुन्याची सगळी मापे सारख्याच संख्येने घेतली, कारण पूर्ण संच उचलला तर घाऊक व्यापारी दर कमी लावत होता. चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी एक गृहस्थ आले, त्यांनी काळा बूट पायात घालून पाहिला आणि तो घट्ट होतो म्हणून एक माप मोठा मागितला. मी मागच्या खोलीत गेलो. तिथे छतापर्यंत खोकी रचलेली होती. खोक्यांच्या कडेवरचे आकडे बोटाने वाचत मी खालून वर गेलो : 5, 5, 11, 5, 12, 11. मधली 7, 8 आणि 9 ही मापे पहिल्या सहा आठवड्यांतच विकली गेली होती आणि ती पुन्हा मागवायला पैसे उरले नव्हते, कारण पैसे त्या खोक्यांतच होते. भरलेल्या खोलीतून रिकाम्या हाताने बाहेर येऊन मला त्यांना ‘नाही’ म्हणावे लागले.

म्हणून तुम्ही नोकरीत पाहिलेल्या ग्राहकांचा अर्थ मी थोडा वेगळा लावतो. ते परत गेले ते दुकानात माल कमी होता म्हणून नव्हे, तर चालणारा माल वेळेवर पुन्हा आला नाही म्हणून गेले असावेत. त्यावरचा उपाय पहिली खरेदी फुगवण्यात नाही. दुसरी, तिसरी आणि चौथी खरेदी करण्याची ऐपत राखण्यात आहे. फळीवरची वस्तू विकली जाईपर्यंत पैसा नसते, आणि घरमालक भाडे म्हणून वह्यांचे गठ्ठे स्वीकारत नाही. सहा महिन्यांचे भाडे, वीज, पगार आणि तुमचा स्वतःचा घरखर्च आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेत दुकान बसवा. ती रक्कम पुरत नसेल, तर जागा लहान घ्या किंवा चार महिने थांबा. पण या राखीव रकमेला हात लावू नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन.

उत्तर : फळी आणि काउंटर

वरच्या मताशी मी बव्हंशी सहमत आहे, तरी एक धोका नोंदवतो. हात राखून खरेदी करण्याच्या नादात नवे दुकानदार प्रत्येक प्रकारातले दोन-दोन नग आणतात आणि दुकान अर्धे रिकामे दिसते. आत आलेल्या माणसाला ते बंद पडायला आलेले दुकान वाटते आणि तो काही न विचारताच बाहेर पडतो. प्रकार कमी ठेवा, पण जे ठेवाल ते भरपूर ठेवा. चित्रकलेच्या साहित्यात तर हे फार महत्त्वाचे आहे : जलरंगांच्या पाच कंपन्यांचे अर्धेमुर्धे संच ठेवण्यापेक्षा एका कंपनीच्या सगळ्या छटा, आणि त्यातही पांढरा व काळा इतरांहून अधिक, असा माल ठेवला तर विद्यार्थी तुमच्यावर विसंबतात. उंच फळ्या सुरुवातीला बसवूच नका. कमी उंचीच्या फळ्या कमी मालातही भरलेल्या दिसतात.

फर्निचरवर 25 टक्के मला जास्त वाटतात. दर्शनी भागात रुंद काउंटर आणि त्यामागे काचेची कपाटे असा बेत असेल तर तो सोडून द्या. 1916 साली अमेरिकेतील मेम्फिस येथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी पिग्ली विग्ली हे दुकान उघडले आणि ग्राहकाने फळ्यांमधून फिरून स्वतः वस्तू उचलण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी बहुतेक दुकानांत माल काउंटरमागे असे आणि तो नोकराकडून मागून घ्यावा लागे. पेन, कुंचला आणि कागद या तर हातात घेऊन पाहण्याच्याच वस्तू आहेत. दाराजवळ एक उतरते टेबल, त्यावर चाचणीसाठी कागद आणि दोऱ्याने बांधलेली चार-पाच पेने ठेवा. एवढ्यानेही माणूस थांबतो. काउंटर मात्र अशा ठिकाणी हवा की तिथे बसून दार आणि शेवटची फळी दोन्ही दिसतील, कारण लहान वस्तूंच्या दुकानात चोरी आणि मोजणीतली चूक यांनी नफा नकळत झिजतो.

उत्तर : हिशेबनीस

टक्केवारीच्या चर्चेला आकड्यांचा आधार हवा, म्हणून एक उदाहरण मांडतो. चलन कोणतेही धरा. समजा भाडे, पगार, वीज आणि हप्ता मिळून दरमहा 60,000 इतका ठरलेला खर्च आहे आणि विक्री किमतीवर सरासरी 30 टक्के नफा सुटतो. मग केवळ खर्च निघण्यासाठी महिन्याला 2,00,000 ची विक्री लागेल. दुकान 25 दिवस उघडे असेल, तर रोजची विक्री 8,000 होते. सरासरी बिल 250 चे असेल, तर रोज 32 बिले फाडावी लागतील, आणि आत येणाऱ्या तिघांपैकी एकच काही घेत असेल, तर रोज 96 माणसे दारातून आत यायला हवीत. हा शेवटचा आकडा दोन्ही जागांसाठी स्वतंत्रपणे काढा आणि मगच भाड्याची तुलना करा.

आता नव्या दुकानदारांची नेहमीची गल्लत. 100 ला घेतलेली वस्तू 150 ला विकली तर नफा खरेदीवर 50 टक्के असतो, पण विक्रीवर तो 33 टक्क्यांच्या आसपासच असतो, आणि वरच्या हिशेबात विक्रीवरचाच धरायचा असतो. त्याच वस्तूवर उद्घाटनानिमित्त 20 टक्के सूट दिली, तर ती 120 ला जाते आणि नफा 50 वरून 20 वर येतो. पूर्वीइतकीच रक्कम मिळवायला अडीचपट नग विकावे लागतात. सूट पडून राहिलेल्या मालावर जरूर द्यावी, कारण तिथे अडकलेले पैसे सोडवायचे असतात. रोज उठाव असलेल्या मालावर ती का द्यावी, हे मला आजवर कुणी पटवून दिलेले नाही.

आणखी एक गोष्ट पाहावी : माल फळीवर सरासरी 90 दिवस राहत असेल आणि पुरवठादाराचे पैसे 30 दिवसांत द्यायचे असतील, तर मधले 60 दिवस तुमचेच पैसे गुंतलेले असतात.

प्रतिसाद : नवा गल्ला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिशेबनीसांनी सांगितल्यावर मी काल आणि आज दोन्ही जागांसमोर सायंकाळी 5 ते 6 या वेळेत वही घेऊन उभी राहिले. हमरस्त्यावर तासात 410 माणसे मोजली, पण बहुतेकांची नजर बसथांब्याकडे होती आणि शेजारच्या दुकानांपुढे थांबलेल्यांची संख्या केवळ 19 होती. गल्लीतून 130 माणसे गेली; मात्र तिथे चित्रकलेचा एक वर्ग आहे, आणि मुले सुटण्याची वाट पाहत 30 हून अधिक पालक वीस मिनिटे नुसते उभे होते. त्यामुळे माझा कल आता गल्लीकडे आहे. सुट्टीच्या दिवशी आणि सकाळी पुन्हा मोजणार आहे.

भाडेकराराचा मसुदाही वाचला. मुदत तीन वर्षांची आहे. ‘मुदत संपल्यावर दोन्ही पक्षांच्या संमतीने पुढे विचार केला जाईल’ एवढेच एक वाक्य नूतनीकरणाविषयी आहे. ते पुरेसे मानावे का? शिवाय पुरवठादार न खपलेला माल परत घेण्याचे तोंडी आश्वासन देत आहेत, त्यावर कितपत अवलंबून राहावे?

उत्तर : फळी आणि काउंटर

ते वाक्य पुरेसे नाही. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन यांनी 1945 साली, वयाच्या 27 व्या वर्षी, आर्कन्सॉ राज्यातील न्यूपोर्ट येथे आपले पहिले दुकान घेतले आणि ते उत्तम चालवले. पाच वर्षांच्या भाडेकरारात नूतनीकरणाचा हक्क नाही, याकडे सही करताना त्यांनी लक्ष दिले नव्हते. मुदत संपल्यावर घरमालकाने करार पुढे चालवायला नकार दिला, कारण चांगले बसलेले ते दुकान त्याला आपल्या मुलासाठी हवे होते, आणि वॉल्टन यांना गाव सोडून बेंटनव्हिल येथे नव्याने सुरुवात करावी लागली. दुकान जितके चांगले चालेल तितकी ही जोखीम वाढते, हे त्यातले ध्यानात घेण्यासारखे आहे.

मुदत संपल्यावर आणखी तीन वर्षे राहायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क भाडेकरूचा असावा आणि भाडेवाढीचे प्रमाण आजच लिहिलेले असावे, असे कलम मागा. उलट तुम्हाला मध्येच बाहेर पडावे लागले तर किती महिन्यांची सूचना द्यायची आणि अनामत किती दिवसांत परत मिळायची, हेही लिहून घ्या. स्थानिक वकिलाला मसुदा दाखवण्याचा खर्च टाळू नका. भिंतीत पक्की बसवलेली फळी जागेबरोबर जाते, म्हणून उचलून नेता येईल असेच फर्निचर करा.

उत्तर : जुनी वही

वर्ग सुटण्याची वाट पाहणारे पालक तुम्ही हेरलेत, याचा फार आनंद झाला. त्या वर्गात कोणता कागद आणि कोणते रंग लागतात हे शिक्षकांना आधी जाऊन विचारा; तुमच्या पहिल्या खरेदीची यादी बरीचशी तिथेच तयार होईल.

परतीच्या मालाचे तोंडी आश्वासन प्रत्येक जण देतो, आणि तो प्रामाणिकपणेच देत असतो, पण वसुलीच्या वेळी बहुधा दुसराच माणूस येतो. म्हणून खरेदीच्या मागणीपत्रावरच तीन गोष्टी लिहून घ्या : किती दिवसांच्या आत माल परत घेतला जाईल, वेष्टन उघडलेला नग चालेल का, आणि रक्कम रोख मिळेल की पुढच्या बिलातून वजा होईल. यास जो नकार देईल, त्याच्याकडून पहिली खरेदी अगदी थोडी करा. मालाच्या प्रत्येक खोक्यावर तो आल्याची तारीख जाड पेनाने लिहीत जा, म्हणजे परतीची मुदत संपण्याआधी कोणते खोके अजून हललेले नाही ते दुकान झाडतानाच डोळ्यांना दिसेल.