मूळ सस्पेन्शनवर मोठे टायर : स्कॉर्पिओ क्लासिकसाठी २४५ की २६५?

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. माझ्याकडे स्कॉर्पिओ क्लासिक असून तिचे मूळ टायर २३५/६५ आर १७ या मापाचे आहेत. नक्षी झिजत आल्यामुळे आता टायर बदलावे लागणार आहेत. एरवी गाडी शहरात आणि पुणे महामार्गावर चालते. परंतु आमची शेती मंगळवेढ्याच्या बाजूला आहे, आणि पाऊस पडून गेल्यावर वस्तीकडे जाणाऱ्या वाटेवर उसाच्या ट्रॅक्टरांनी इतक्या खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात, की मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. टायरच्या दुकानात मला २६५/६५ आर १७ हे माप सुचवण्यात आले आणि सस्पेन्शनला हात लावण्याची गरज पडणार नाही, असेही सांगण्यात आले. गाडीत वयस्कर आई-वडील बसतात, त्यामुळे लिफ्ट किट बसवून गाडी आणखी उंच करण्याची माझी इच्छा नाही. २६५ मूळ सस्पेन्शनवर खरोखर चालेल का, की २४५/६५ वर थांबावे? टायर घासणार असेल तर नेमका कोठे घासेल, आणि पैसे देण्यापूर्वी ते तपासता येईल का?

उत्तर १ (होटगी रस्ता)

प्रथम हिशेब मांडू. मापातील पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे साइडवॉलची (टायरच्या बाजूच्या भिंतीची) उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि शेवटचा म्हणजे रिमचा व्यास इंचांत. २३५/६५ आर १७ या टायरचा व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर भरतो, २४५/६५ चा सुमारे ७५० आणि २६५/६५ चा सुमारे ७७६. म्हणजे २४५ घेतल्यास व्यास पावणेदोन टक्क्यांनी वाढतो, २६५ घेतल्यास सव्वापाच टक्क्यांनी. मात्र गाडी उचलली जाते ती व्यासातील वाढीच्या निम्म्यानेच, कारण उरलेली निम्मी वाढ आसाच्या वर, मडगार्डच्या दिशेने जाते. २६५ बसवूनही गाडीच्या पोटाखाली जेमतेम २० मिलिमीटर मिळतील, आणि तेवढीच जागा चाकाच्या कमानीतून कमी होईल.

दुकानात गाडी सपाट फरशीवर उभी असते, चाके सरळ असतात आणि आत कोणी बसलेले नसते, त्यामुळे तिथे टायर ‘बसला’ असे दिसणे स्वाभाविक आहे. खरी कसोटी स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना आणि त्याच वेळी पुढचे सस्पेन्शन दबलेले असताना लागते. उदाहरणार्थ, पाच माणसांसह गाडी वळणावरच्या गतिरोधकावरून उतरते तेव्हा. त्या स्थितीत टायरचा बाहेरचा खांदा (नक्षी आणि साइडवॉल जिथे मिळतात ती कड) बंपरच्या मागच्या कडेला व कमानीतील प्लास्टिकच्या अस्तराला लागू शकतो, तर आतला खांदा सस्पेन्शनच्या आर्मजवळ किंवा चासीजवळ येतो. प्लास्टिक थोडे कापून किंवा गरम करून मागे ढकलता येते, आणि पुष्कळ जण तसे करतात. आतल्या बाजूला लोखंड असते, तिथे तडजोडीला वाव नाही. कमी ऑफसेटचा (चाक अधिक बाहेर बसेल असा) रिम किंवा स्पेसर (चाकामागे लावायची चकती) लावून चाक बाहेर काढले, तर आतले घासणे थांबते, पण बाहेरचे वाढते आणि व्हील बेअरिंगवर जादा भार येतो.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. २६५/६५ टायरला किमान साडेसात इंच रुंदीचा रिम लागतो. आपल्या रिमवर रुंदीचा अंक कोरलेला असतो. तो ७ असेल, तर २६५ चा विचार तिथेच सोडून द्यावा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवल्यास साइडवॉल आत ओढली जाते, मधली नक्षी लवकर झिजते आणि महामार्गावर लेन बदलताना गाडी उशिरा प्रतिसाद देते. २४५/६५ ला सात इंची रिम चालतो.

तपासणीसाठी दुकानदाराला एकच टायर पुढच्या चाकावर बसवून द्यायला सांगावे. त्याच्या दोन्ही खांद्यांवर आणि नक्षीवर पांढरा खडू फिरवावा, गाडीत माणसे बसवावीत, आणि मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळवून पुढे व मागे अशी गाडी हळू चालवावी. मग एका बाजूचे चाक फूटपाथच्या कडेवर चढवून हेच पुन्हा करावे. खडू जिथे पुसला गेला, तिथे टायर लागतो आहे. मागे घेतानाही तपासणे आवश्यक आहे.

वेगमापकाबद्दलही लिहितो. २६५ बसवल्यावर काटा १०० दाखवत असेल, तेव्हा प्रत्यक्ष वेग टायरमधील वाढीमुळेच आणखी पाच किलोमीटरने जास्त असेल. ओडोमीटर त्याच प्रमाणात कमी अंतर नोंदवील, म्हणून मायलेज घटल्याचे जे दिसते त्यातील काही भाग केवळ आकड्यांचा असतो. उरलेली घट मात्र खरी असते, कारण टायर जड असतो, गिअरिंग लांबते (चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते), पिकअप मंदावतो आणि ब्रेकलाही जास्त काम पडते. माझे मत २४५ च्या बाजूने आहे.

उत्तर २ (बार्शी)

वरील हिशेब बरोबर आहे, पण काळ्या मातीचा विचार त्यात आलेला नाही, आणि आपल्या जिल्ह्यात तोच आधी करायला हवा. ही माती ओली झाली की टायरला थर चढत जातो आणि तो कमानीत जाऊन थापला जातो. मूळ टायर व अस्तर यांच्यामधली मोकळी जागा हा चिखल बाहेर पडण्याचा मार्ग आहे. खडूच्या तपासणीत न घासणारा टायर पावसाळ्यात वस्तीच्या वाटेवर अडकू शकतो, कारण तिथे तो प्लास्टिकला नव्हे, तर घट्ट झालेल्या मातीला घासत असतो. म्हणून कोरड्या तपासणीत बोटभर जागा उरली, तरी मी ती पुरेशी मानणार नाही.

शिवाय आपली गाडी मागच्या चाकांवर चालते. अशा गाडीचा रुतण्याचा प्रश्न उंचीपेक्षा पकडीचा जास्त असतो. महामार्गाच्या टायरची बारीक नक्षी काळ्या मातीने क्षणात भरते आणि टायर गुळगुळीत होतो. त्यामुळे मी मूळ मापातच, म्हणजे २३५/६५ आर १७ मध्ये, ऑल-टेरेन (डांबर व कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या) नक्षीचे टायर घ्यावेत असे सुचवीन. मड-टेरेन (खास चिखलासाठीचे) टायर चिखलात अधिक चांगले असतात, परंतु ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते आणि आवाजही फार होतो. ज्या गाडीचा बहुतेक प्रवास महामार्गावर आहे, तिला ते घेऊ नयेत. वस्तीच्या वाटेवर लागताना हवा थोडी कमी केल्यास टायर जमिनीवर पसरतो आणि पकड वाढते. मात्र महामार्गावर येण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे, कारण सोलापूरच्या उन्हात कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवावा.

पोटाला लागणारा उंचवटा २० मिलिमीटरने सुटेल, असे मला वाटत नाही. एक बाजूची चाके चाकोरीत न टाकता उंचवट्यावर ठेवून गाडी काढावी.

उत्तर ३ (विजापूर रस्ता)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका स्पष्ट केली आहे. टायरच्या मापातील किंचित फरकासाठी कोणी अडवील असे नाही, पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडी पाहतो तेव्हा मोठे टायर आणि कापलेले अस्तर त्याच्या नजरेतून सुटत नाही. कोणतेही माप घ्या, लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो हे दाखवणारा अंक) मूळ टायरपेक्षा कमी नसावा.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. २६५ चा विचार सोडला आहे. मूळ मापातील ऑल-टेरेन घेण्याकडे कल आहे. सध्याची स्टेपनी जवळजवळ न वापरलेली आहे. चारच टायर घेऊन ती तशीच ठेवली तर चालेल का?

उत्तर १ (होटगी रस्ता)

माप तेच राहणार असेल तर चालेल. माप बदलले असते, तर पाचवा टायरही घ्यावा लागला असता, कारण मागच्या दोन चाकांचा व्यास वेगळा असला की डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची यंत्रणा) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहते आणि तापते. नक्षी वेगळी असल्यामुळे स्टेपनी लावून फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत, कमी वेगाने जावे. तिच्या साइडवॉलवरील चार अंकी संख्या अवश्य पाहावी. पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. न वापरलेले रबरही वयाने कडक होते, त्यामुळे ते वर्ष जुने असेल तर स्टेपनीही बदलावी. टायर बसवल्यावर अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घ्यावे, आणि शंभरएक किलोमीटर गाडी चालल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळून घ्यावेत.