घाटात किरणोत्सारी मालाची गाडी उलटली आणि गळती असेल तर आधी जखमी माणूस की आधी रेडिएशनचं मीटर?

दरडवाट
नमस्कार मंडळी. आमचा घाटात अपघात झाला की धावून जाणाऱ्यांचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, कोणी गॅरेजवाला, कोणी चहाची टपरीवाला, मी स्वतः केबलचं काम करतो. पेट्रोलचे टँकर, अमोनिया, एकदा ऍसिड, हे सगळं बघून झालंय आणि त्यात काय करायचं ते आता अंगवळणी पडलंय, पण गेल्या पावसाळ्यात जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही म्हणून इथे विचारतोय.

पहाटे साडेचारला फोन आला की एक पिकअप वळणावर कठड्याला धडकून आडवी झालीय. पोचलो तर शंभरेक मीटरवर वीस-पंचवीस लोक नुसते उभे, जवळ कोणीच नाही. गाडीवर पिवळं-पांढरं स्टिकर, त्यावर काळं तीन पात्यांचं चिन्ह, मागून एक लोखंडी डबा घरंगळून रस्त्यावर आलेला, त्याची कडी तुटलेली आणि खाली ओलं. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, हाका मारत होता. लोक म्हणत होते हा अणुभट्टीचा कचरा आहे, जवळ गेलात तर संपलात. आणि खरं सांगतो, मीपण थांबलो. सात-आठ मिनिटं. विचारायचं कोणाला तेच कळेना. शेवटी आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा काही न बोलता कटर घेऊन पुढे गेला, मग आम्ही सगळे गेलो. ड्रायव्हर वाचला, पायाची दोन ऑपरेशन्स झाली. मधल्या वेळात एकाने त्या ओल्यावर बादलीभर पाणी ओतलं, का ते त्यालाच माहीत, आणि तो निघूनही गेला. नंतर मीटर घेऊन आलेल्या लोकांनी तपासून सांगितलं की हॉस्पिटलसाठी चाललेलं औषध होतं, गळती नाही, ओलं होतं ते रेडिएटरचं पाणी.

पण खरंच गळती असती तर? माझ्या पोरांना मी पुढे जाऊ द्यायचं की नाही? मीटर येईपर्यंत थांबायचं असा काही नियम आहे का? कोणी या कामातलं असेल तर सांगा प्लीज, मला पुढच्या वेळी परत तसं उभं राहायचं नाहीये.

निवृत्त_आरएसओ
दरडवाट, माझी पूर्ण नोकरी रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून गेली, आधी हॉस्पिटलमध्ये आणि नंतर इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत. पहिल्यांदा उत्तर देतो, मग कारण सांगतो. थांबायचं नाही. जीव वाचवणं, प्रथमोपचार आणि आग आटोक्यात आणणं हे रेडिएशन मोजण्याच्या आधी येतं. हे माझं मत नाही, बऱ्याच देशांत फायर ब्रिगेडवाले जे इमर्जन्सी गाईड वापरतात त्यात क्लास ७ च्या, म्हणजे किरणोत्सारी मालाच्या, पानांवर हेच लिहिलेलं आहे. तुमचा तो पोरगा बरोबर होता.

आता भीती कुठून येते ते बघू. लोक दोन गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे किरणांचा मार, तो शेकोटीच्या धगीसारखा, जवळ गेलात तर जास्त, लांब गेलात की झपाट्याने कमी. एका मीटरवर जेवढा असतो त्याच्या चौथा हिस्सा दोन मीटरवर आणि शंभरावा हिस्सा दहा मीटरवर. बाजूला झालात की संपलं, तो अंगात राहत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पदार्थच अंगाला लागणं, ती हळदीसारखी. हाताला हळद लागली की ज्या ज्या वस्तूला हात लावाल ती पिवळी होते, दाराची कडी, मोबाईल, पोराचा गाल. गळती म्हणजे ही हळद. धगीपासून लांब राहायचं आणि हळद पसरू द्यायची नाही, बाकी सगळे नियम यातूनच निघतात.

स्टिकर वाचायला शिका, पाच मिनिटांचं काम आहे. त्यावर एक, दोन किंवा तीन उभ्या लाल रेघा असतात. एक रेघ म्हणजे पांढरं लेबल, पृष्ठभागावरही अगदी किरकोळ. दोन आणि तीन रेघांची लेबलं पिवळी असतात आणि त्यावर चौकटीत टीआय, म्हणजे ट्रान्सपोर्ट इंडेक्स, म्हणून एक आकडा लिहिलेला असतो. त्या आकड्याला दहाने गुणलं की पेटीपासून एक मीटरवर तासाला किती मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या डोसाचं माप) ते कळतं. तीन रेघांच्या लेबलवर टीआय जास्तीत जास्त १०, म्हणजे तासाला १००. समजा तुम्ही पंधरा मिनिटं एक मीटरवर बसून केबिन कापलीत तर २५ मायक्रोसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला वर्षभरात सरासरी २४०० मिळतातच, म्हणजे तुमची ती पंधरा मिनिटं चारेक दिवसांच्या नैसर्गिक डोसाएवढी. पेटी फुटली असेल तर आकडा वाढू शकतो हे खरं, म्हणूनच काम पटापट करायचं, माणसं आलटून पालटून पाठवायची आणि ज्याचं काम नाही त्याने मागे राहायचं.

अजून एक. ज्या पेट्यांना टाईप ए म्हणतात त्यात मालच इतका मर्यादित भरलेला असतो की ती फुटली तरी अनर्थ होऊ नये. खरोखर जबरदस्त माल टाईप बी मध्ये जातो आणि तिचं डिझाईन ९ मीटरवरून टणक पृष्ठभागावर पाडून, ८०० अंशाच्या आगीत अर्धा तास ठेवून अशा परीक्षांना उतरावं लागतं. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये ट्रेम कार्ड असतं, त्यावर माल कोणता, पाठवणारा कोण, फोन कोणाला करायचा सगळं असतं. माणूस बाहेर काढताना ते कार्डही बाहेर काढा, नाहीतर निदान त्याचा फोटो.

बंबवाला
मी फायरमध्ये आहे म्हणून आमच्या बाजूचं सांगतो. सगळ्या दिशांनी २५ मीटर मोकळं करायचं, भरपूर सांडलं असेल तर वारा ज्या बाजूला वाहतोय तिकडे निदान १०० मीटर, आणि मोठा माल आगीत सापडला असेल तर ३००. आपण उभं राहायचं ते वाऱ्याच्या वरच्या अंगाला. घाटात वारा फिरतो त्यामुळे काठीला प्लास्टिकची पट्टी बांधून उभी करा, स्वस्तात काम होतं.

आणि ते बादलीचं, कृपा करून लोकांना सांगा की पाणी मारायचं नाही. आग असेल तर पाणी मारावंच लागतं, मग खाली मातीचा बांध घालून ते अडवायचं. पण आग नसताना सांडलेल्यावर पाणी ओतलं तर जे दोन फुटात होतं ते गटारातून ओढ्यात जातं आणि ओढा खाली कोणाच्या तरी विहिरीपर्यंत. कोरडी पावडर असेल तर ताडपत्री टाकून कडेने दगड ठेवा, द्रव असेल तर भोवती कोरड्या मातीचा बंधारा. डबा उचलून बाजूला ठेवायचा नाही, सरळ करायचा नाही, झाकण बसवून बघायचं नाही.

सगळ्यात अवघड काम मला विचाराल तर गर्दीचं. आपण नेहमी चला चला घरी जा म्हणतो, इथे उलटं आहे, जो जवळ गेला होता त्याने घरी जायचं नाही. एका बाजूला बसवा, नाव आणि मोबाईल लिहून घ्या, आणि तंबाखू मळणं, बिडी, चहा-वडा सगळं बंद, कारण हाताला लागलेलं तोंडात जायचा तोच सरळ रस्ता आहे. ११२ ला कळवताना शब्द नीट वापरा, रेडिएशनचं चिन्ह असलेली गाडी, युएन नंबर (गाडीवर लिहिलेला मालाचा चार आकडी नंबर) अमुक, जखमी इतके. नंबर सांगितला की पुढची चक्रं लवकर फिरतात. आपल्याकडे एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळच आहे आणि त्यांच्याकडे या कामाचं ट्रेनिंग घेतलेली टीम असते, बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) मुंबईतच, एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळाचं) ऑफिसही तिथलंच.

डॉ_रात्रपाळी
मी काही वर्षं ऍम्ब्युलन्सवर होते. एकदा असाच पेशंट घेऊन गेलो तेव्हा एका हॉस्पिटलने अर्धा तास दारात थांबवून ठेवलं होतं, आधी क्लिअरन्स आणा म्हणून. पेशंटचं फेमर, म्हणजे मांडीचं हाड, फ्रॅक्चर होतं, आतून रक्तस्राव चालू होता. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून हे सगळ्यांनी ऐका. ज्याला नुसते किरण लागलेत तो माणूस दुसऱ्याला काहीही देत नाही, एक्स-रे काढून आलेल्या माणसाइतकाच तो निरुपद्रवी. ज्याच्या अंगावर माल सांडलाय त्याचे वरचे कपडे काढले की बहुतेक सगळी घाण तिथेच जाते. कपडे डोक्यावरून ओढायचे नाहीत, कात्रीने पुढून कापायचे, आतली बाजू वर येईल असे बाहेरच्या दिशेने गुंडाळायचे, दोन पिशव्यांमध्ये बांधून बाजूला ठेवायचे, फेकायचे नाहीत कारण नंतर मोजावे लागतात. जखम झाकायची. पेशंट दोन चादरींत गुंडाळायचा म्हणजे ऍम्ब्युलन्सला काही लागत नाही. डबल ग्लोव्ह्ज, मास्क आणि वरचा ग्लोव्ह प्रत्येक टप्प्याला बदला. आणि हे सगळं पेशंट स्थिर असेल तर. श्वास अडलाय, रक्त वाहतंय तर आधी ते, कपडे नंतर, गाडीत बसून काढा. हॉस्पिटलला वाटेतूनच फोन करा म्हणजे ते वेगळी खोली, जमिनीवर प्लास्टिक वगैरे तयारी करून ठेवतात आणि दारात वाद होत नाही.

घरी गेलेल्यांसाठी, कोमट पाणी, साधा साबण, आधी केस मग अंग, घासून कातडी सोलायची नाही. आणि आयोडीनच्या गोळ्या शोधत कोणी फिरू नका, त्या फक्त किरणोत्सारी आयोडीन असेल तरच आणि फक्त थायरॉइडपुरत्या. बेटाडीन पिणारेही मी पाहिलेत, ते तर अजिबात नको.

दरडवाट
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून टपरीवर लावतोय. एक शंका आहे. ओलं दिसलं म्हणून आम्हाला कळलं तरी, पण काहीच सांडलेलं दिसत नसेल आणि तरी गळत असेल तर?

पर्थकर
मी इथे ऑस्ट्रेलियात असते. जानेवारी २०२३ मध्ये न्यूमनजवळच्या खाणीतून पर्थला एक गेज (मोजमापाचं यंत्र) येत होतं, १४०० किलोमीटर रस्ता, आणि त्यातली किरणोत्सारी सीझियम-१३७ ची कॅप्सूल वाटेत पडली. आकार ६ मिलीमीटर बाय ८ मिलीमीटर, भुईमुगाच्या दाण्याहूनही लहान. रस्त्याच्या हादऱ्यांनी गेज सुटं झालं, बोल्ट निघाला आणि बोल्टच्या भोकातून ती खाली. गाडी १२ तारखेला निघाली, पेटी उघडली २५ ला, म्हणजे इतके दिवस कोणाला पत्ताच नाही. आम्हाला सांगितलं होतं की दिसली तर ५ मीटर लांब राहा आणि त्या रस्त्याने गेला असाल तर टायरच्या खाचा तपासा. माझ्या नवऱ्याचा ट्रक त्याच हायवेवर असायचा, आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन टायर बघितले होते ते आठवतंय. १ फेब्रुवारीला सापडली, डिटेक्टर लावलेली गाडी ताशी ७० ने चालली होती आणि रस्त्याच्या कडेला दोन मीटरवर तिने पकडली.

निवृत्त_आरएसओ
पर्थकर ताईंनी सांगितलं ते अगदी बरोबर उदाहरण. दुसरं मी आमच्या प्रत्येक ट्रेनिंगला सांगायचो. ११ मार्च २००२, इंग्लंडमधल्या लीड्सच्या कूकरिज हॉस्पिटलमधून कॅन्सर मशीनचा जुना कोबाल्ट-६० सोर्स ट्रकने सेलाफिल्डच्या अणुकेंद्राला चालला होता, १३० मैल. पेटीचा किरणं अडवणारा एक प्लग बसवायचा राहून गेला आणि किरणांचा झोत पूर्ण वाटभर बाहेर पडत राहिला. नशीब एवढंच की झोत सरळ खाली रस्त्याकडे होता, आडवा असता तर शेजारून जाणाऱ्या गाड्यांतली माणसं त्यात आली असती. कंपनीला २००६ मध्ये अडीच लाख पौंड दंड झाला. रस्त्यावर एक थेंब सांडलेला नव्हता. म्हणून तुमच्या शंकेचं उत्तर, डोळ्यांना कळत नाही, फक्त मीटरला कळतं, आणि तो यायच्या आधी आपल्या हातात अंतर आणि वेळ या दोनच गोष्टी आहेत.

कचऱ्याबद्दलही बोलतो, कारण तुमच्या लोकांनी तोच शब्द वापरला. आपल्याकडे अणुवीज केंद्रातला कमी तीव्रतेचा कचरा, म्हणजे हातमोजे, फिल्टर, सिमेंटमध्ये घट्ट केलेला गाळ, बहुतेक त्या केंद्राच्या आवारातच पुरतात. आपल्या रस्त्यावर जे रोज धावतं ते वाशीच्या ब्रिटमधून (किरणोत्सारी औषधं बनवणारी सरकारी संस्था) हॉस्पिटलला जाणारं औषध आणि वेल्डिंग तपासायचे किरणोत्सारी इरिडियमचे कॅमेरे. त्या कॅमेऱ्याला मात्र मी घाबरतो. त्यातला पेन्सिलीच्या टोकाएवढा धातूचा तुकडा बाहेर पडला तर तो कधीही, कधीही हाताने उचलायचा नाही, खिशात घालायचा नाही. तुमच्या पोरांना बाकी सगळं विसरलं तरी एवढं पाठ असू दे.

अमेरिकेत मात्र कचरा लांब लांब जायचा. १९७९ साली नेवाडातल्या बीटीला आणि वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला गळके, नीट न बांधलेले ट्रक इतके यायला लागले की दोन्ही राज्यांच्या गव्हर्नरांनी कचरा पुरायची आपली केंद्रं काही काळ चक्क बंद केली, आणि १९८० मध्ये त्यावर केंद्र सरकारचा कायदा आला. ट्रक पुढे रस्त्यात कोणाच्या तरी अंगावर गळतो तेव्हा चूक बऱ्याचदा मागे, पेटीचा शेवटचा बोल्ट आवळणाऱ्याच्या हातून झालेली असते. लीड्सला तेच झालं.

बंबवाला
दरडवाट, त्या बादलीवाल्याचा नंबर मिळाला का? त्या दिवशी गळती नव्हती म्हणून ठीक, पण त्याला बोलवून नीट समजावून सांगा, ओरडू नका, पुढच्या वेळी तोच तुमचा गर्दी आवरणारा माणूस होईल.

दरडवाट
मिळाला, खालच्या वाडीतलाच आहे, आग लागेल म्हणून ओतलं म्हणाला. रविवारी मीटिंगला येतोय. शेवटचं विचारतो, आम्ही झाकायला टाकलेली ताडपत्री नंतर आमच्या किटमध्ये परत घ्यायची का?

निवृत्त_आरएसओ
मीटरवाल्यांनी तपासून हो म्हटलं तर खुशाल घ्या. त्यांनी तपासली नसेल तर तिथेच सोडा आणि त्यांना सांगून ठेवा की ती आमची आहे आणि ती सांडलेल्यावर टाकलेली होती. ग्लोव्ह्जचं, कटरचं, बुटांचंही तेच. आणि त्या लहान पोराला माझ्यातर्फे शाबासकी द्या, पण पुढच्या वेळी जाताना ग्लोव्ह्ज आणि मास्क घालून जा म्हणावं.