मदत हवी आहे: परचेसमधली टक्केवारी पकडायची कशी?

मंडळी,

चाकणजवळच्या एका प्रायव्हेट लिमिटेड कारखान्यात मी अकाउंट्स बघते. (नाव विचारू नका.) आमचे परचेस मॅनेजर पॅकिंगच्या खोक्यांसाठी दरवेळी तीन कोटेशनं जोडतात. फाईल चोख. फक्त तिन्ही कोटेशनांत 'बर्स्टिंग फॅक्टर'चं (खोक्याच्या कागदाच्या मजबुतीचं माप) इंग्रजी स्पेलिंग एकसारखंच चुकलंय.

म्हणून जीएसटी पोर्टलवर तिघांचे नंबर टाकून पाहिले. त्या १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची (आपलं २७) आणि पुढची दहा म्हणजे पॅन. दोन फर्मचा पॅन एकच निघाला, आणि तिसरीचा पत्ता त्याच गाळ्याचा! म्हणजे स्पर्धा आपली आपल्याशीच. शिवाय २ लाखांवरच्या ऑर्डरला मालकांची सही लागते, तर एकाच दिवशी १.९० आणि १.९५ लाखांच्या दोन पीओ (खरेदी ऑर्डरी). जीआरएनवर (माल मिळाल्याची स्टोअरची पावती) पाच-प्लाय, म्हणजे कागदाचे पाच थर, लिहिलंय. स्टोअरमधलं एक खोकं कडेने पाहिलं तर तीनच प्लाय.

आता अडचण अशी की यातून सप्लायर एकच आहे एवढंच दिसतं. साहेबांच्या खिशात काही गेलं हे कुठे दिसतं? उद्या ते म्हणतील, "मला काय माहीत, मला तिघांनी दर दिले." मालकांचा त्यांच्यावर पूर्ण भरवसा, कारखाना उभा राहिला तेव्हापासूनचा माणूस. दुसरा एक खोकेवाला फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे टक्क्याशिवाय आत येता येत नाही." लिहून द्यायला मात्र तयार नाही.

अँटी करप्शनकडे जाता येईल का? आणि साहेबांना वास न लागता आणखी काय तपासू?

– हिशेबी

*

हिशेबीताई,

अँटी करप्शनचा १०६४ फिरवून उपयोग नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक लागतो, तुमचे साहेब खाजगी नोकर. त्यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेची कलमं ३१६ (विश्वासघात) आणि ३१८ (फसवणूक), आणि तक्रार कंपनीने करायची.

त्यांच्या बँक खात्याच्या मागे लागू नका. तो तुमचा अधिकार नाही, पोलीस बघतील. टक्का सिद्ध करण्याआधी तोटा सिद्ध करा. त्याच स्पेसिफिकेशनचे दर त्या गाळ्याशी संबंध नसलेल्या दोघांकडून मागवा, शक्यतो साहेब रजेवर असताना. बिलात पाच-प्लाय आणि माल तीन-प्लाय, याला "मला काय माहीत" चालत नाही. जीआरएनवर सही कोणाची, तेही पाहा. माझा अनुभव, स्टोअरवाला सामील नसेल तर तोच आधी बोलतो.

कोटेशनच्या मूळ ईमेल जपा, नुसत्या प्रिंट नकोत. कोर्टात अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

मालकांनी ऐकलं नाही तर तुमचे स्टॅट्युटरी (कायद्याने नेमावे लागणारे) ऑडिटर आहेत. नोकराने केलेला फ्रॉड त्यांच्या लक्षात आला तर कंपनी कायद्याच्या १४३(१२) प्रमाणे कळवणं त्यांना बंधनकारक आहे. १ कोटीच्या आतला असेल तर संचालक मंडळाला, दोन दिवसांत.

– जुना ऑडिटर

*

धन्यवाद काका. जीआरएनवर सही स्टोअरच्या मुलाची आहे, नवीनच लागलाय. त्याच्याशी आधी बोलू, की खोकी क्यूसीकडून (क्वालिटी तपासणारा विभाग) तपासून घेऊन मग? क्यूसीवाले साहेबांसोबतच डबा खातात.

– हिशेबी