रावेतला फ्लॅट बघतोय, बांधकाम चांगलंय की नाही कसं ओळखायचं?

घरशोध्या:
नमस्कार मंडळी, रावेतला एका स्कीममध्ये टूबीएचके बघून आलो, २२ मजली टॉवर, सध्या ११ वा स्लॅब पडलाय. सॅम्पल फ्लॅट एकदम झकास, बायको किचनच्या प्रेमातच पडली, त्यात सेल्सवाला म्हणतो रविवारपर्यंत बुक केलं तर मॉड्युलर किचन फ्री. बाबांचं मात्र एकच, भिंतीच्या आत काय आहे ते बघ. आता ते कसं बघणार?? महारेरा नंबर आहे, मग झालं ना?

ओलीचा_बळी:
महारेरा नंबर म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे नोंदणी झालीय एवढंच, क्वालिटीचा शिक्का नव्हे तो. तरी महारेराच्या साइटवर टाकून बघ, ताब्याची तारीख पुढे ढकललीय का, कर्ज, कोर्टकेसेस दिसतात. पण खरं काम म्हणजे त्याच बिल्डरची ४-५ वर्षं जुनी बिल्डिंग शोध आणि भर पावसात जा. मी सॅम्पल फ्लॅटवर भाळलो, दुसऱ्याच पावसाळ्यात कपाटामागे भिंतभर बुरशी, आईची पैठणी गेली. मागून कळलं त्याच्या आधीच्या स्कीममध्ये पण हेच रडगाणं, तिथला वॉचमन कुणालाही सांगत होता, मीच कधी गेलो नव्हतो.

साइटवाला:
सिव्हिलमध्ये १४ वर्षं झाली. सॅम्पल फ्लॅट सोड, तिथले बेड पण कधीकधी मापाने लहान बनवून घेतात, टेप लावून बघ हसू येईल. हेल्मेट माग आणि चालू मजल्यावर चल म्हण, नाही म्हणाला तर तिथंच कळलं. नव्या स्लॅबवर काँक्रीट पक्कं व्हायला आळी करून पाणी भरलंय का, कॉलमच्या पायाशी खडी उघडी पडलीय का ते बघ. वीटकाम किंवा ब्लॉक जिथे कॉलमला भिडतो तिथे प्लास्टरच्या आत जाळी मारतात, ती नसली की हमखास उभी चीर. आणि सगळ्यात महत्त्वाचं बाथरूम, टाइल्स लावायच्या आधी गळती बघायला पाणी भरून ठेवतात का, किती दिवस, हे सेल्सवाल्याला नको, मिस्त्रीला विचार. माइव्हनची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती-स्लॅब ओतलेली बिल्डिंग असेल तर भिंती काँक्रीटच्या, नंतर तोडफोड विसरायची.

पेन्शनर_काका:
अरे बाळा, कागद पण बघ. सोसायटी होणार की १९७० च्या कायद्याखाली अपार्टमेंट, हे आत्ताच विचार, नंतर मतांचं नि खर्चाचं गणित बदलतं. अॅग्रीमेंट रजिस्टर होईपर्यंत १० टक्क्यांच्या वर एक रुपया देऊ नकोस. ताब्यानंतर ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असं रेरा कायदा म्हणतो, म्हणून पत्रव्यवहार लेखीच ठेव, फोनवरचं ‘करून देतो साहेब’ काही कामाचं नाही. आणि पाणी! टँकर किती लागतात ते शेजारच्या स्कीममधल्या बायकांना विचार, पुरुषांना ठाऊक नसतं.

घरशोध्या:
गेलो होतो आज त्यांच्या जुन्या स्कीमवर, पाऊस होताच. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी, पंप लावलेला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आत बोलावून बाथरूमचं फॉल्स सीलिंग दाखवलं, वरून ठिबकतं म्हणून खाली डबा ठेवलाय, डालड्याचा. बायकोने फोटो काढला आणि सेल्सवाल्याला पाठवला. अजून ब्लू टिक आहे फक्त.

ओलीचा_बळी:
डालड्याचा डबा अजून मिळतो होय 😀