मदत हवी आहे: जुन्या एमटीबी (डोंगरी) सायकलची चेन चढावर उड्या मारतेय, रविवारच्या आत सोडवायचंय

खडकवासला_एक्सप्रेस
जाणकारांनो जरा लवकर सांगा. सायकल २०११ ची, २६ इंची चाकं, पुढे ३ मागे ७ चकत्या. गेले चार दिवस जोर लावला की चेन खाडकन सटकते आणि पेडल एकदम मोकळं पडतं. काल डोणज्याच्या अलीकडच्या चढाला उभं राहून मारत होतो, पाय घसरला आणि नडगी सोलून निघाली. रविवारी सिंहगड ठरलाय, भाची पहिल्यांदाच सोबत येतेय, तिला शब्द दिलाय. ट्यूनिंग करून झालं, केबल ताणून झाली, फरक शून्य. सगळे गिअर बदलावे लागतील का? का नुसता चांगल्यातला डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) टाकला तर भागेल? आणि प्लीज नवी सायकल घ्या म्हणू नका, पहिल्या पगारातून घेतलीये, मला हीच चालवायचीय.

चाकधर
कुठल्या गिअरला सटकते, सगळ्या की ठरावीक? मागच्या चकत्यांचा संच कॅसेट प्रकारचा आहे की फ्रीव्हील? चेन शेवटची कधी बदलली? मागच्या चकत्यांचा बाजूने फोटो टाका.

घाटमाथा
पुढच्या तीन चकत्या काढून एकच टाका आणि मागे ११-४२ (११ ते ४२ दात्यांच्या चकत्या). मी दोन वर्षांपूर्वी केलं, पुढचा डिरेलर नाही, डावा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) नाही, डोक्याला ताप नाही. आता मागे वळून बघत नाही.

चाकधर
@घाटमाथा अहो त्यांच्याकडे फ्रीव्हीलवालं चाक असेल तर ११-४२ त्यावर बसणारच नाही. हब (चाकाचा मधला भाग) बदला म्हणजे चाक बदला, मग शिफ्टर, मग डिरेलर, क्रँक (पेडलचा दांडा). रविवारच्या आत?

घाटमाथा
मी कायमचा उपाय सांगतोय. दर दोन वर्षांनी ठिगळं लावण्यापेक्षा एकदाच खर्च बरा.

खडकवासला_एक्सप्रेस
ऑफिसात आहे, फोटो रात्री टाकतो. कॅसेट आणि फ्रीव्हीलमधला फरक मला माहीत नाही. सटकते ती ४ आणि ५ वर जास्त, कधी ६ वर. १ आणि २ वर अजिबात नाही. डिरेलरचं सांगा ना कोणीतरी.

सातारी_पेडल
सीट किती उंचीवर आहे? पेडल सगळ्यात खाली असताना टाच टेकवून पाय सरळ व्हायला हवा. आमच्याकडे यवतेश्वरचा घाट चढताना निम्म्या लोकांची सीट खालीच असते आणि मग गुडघे धरतात.

चाकधर
चेनचं अजून सांगितलं नाहीत.

खडकवासला_एक्सप्रेस
चेन तर नवीच आहे हो, मागच्या शनिवारी दुकानात टाकून घेतली. म्हणून तर चेनचा विषयच काढला नाही.

चाकधर
मग तोच घोळ आहे. डिरेलरचा काही दोष नाही, त्याला हात लावू नका.
चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं. वापरून पिना आणि त्यांची भोकं झिजतात आणि हे अंतर हळूहळू वाढतं, त्यालाच आपण चेन ताणली म्हणतो. ती ताणलेली चेन चकतीचे दाते स्वतःच्या मापाने खात जाते. दोघी एकमेकींना सांभाळून घेतात, म्हणून जुन्या चेनवर तुम्हाला काही जाणवलं नाही. आता नवी चेन बरोबर अर्ध्या इंचाची, झिजलेल्या दात्यांत ती नीट बसत नाही, जोर आला की वर चढते आणि सुटते. ४ आणि ५ तुमचे रोजचे गिअर असणार, तेच जास्त झिजलेत. १ आणि २ कमी वापरलेत, शिवाय मोठे आहेत, एका वेळी जास्त दाते चेन धरतात, म्हणून तिथे त्रास नाही.
जुनी चेन आहे का? पट्टीवर मोजा. एका पिनेचा मध्य शून्यावर ठेवला की पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचावर येते. १/१६ इंच पुढे गेली की चेन बदलायची वेळ झाली. १/८ गेली असेल तर मागच्या चकत्याही गेल्या समजा.

खडकवासला_एक्सप्रेस
मोजली. १/८ च्याही पुढे आहे. दुकानदाराने एका शब्दाने सांगितलं नाही, पैसे घेतले आणि चेन टाकून दिली. मी चकत्यांचं विचारलं असतं तर? पण मला माहीतच नव्हतं तर विचारणार काय.

निळी_हरक्युलिस
जुनी चेन घरात आहे ना, मग तीच परत चढवा, रविवार निभावेल.

मेकॅनिकची_मुलगी
निभावेल, पण ती आता पुढच्या चकत्या खाईल. जुन्या सायकलींना पुढच्या तीन चकत्या बऱ्याचदा रिव्हेट मारून क्रँकला पक्क्या असतात, एक सुटी बदलता येत नाही, अख्खा क्रँक बदलावा लागतो. चार पैसे वाचवायला जाऊन मोठा खर्च ओढवून घेऊ नका.
कॅसेट आणि फ्रीव्हीलमधला फरक असा ओळखा: मागचं चाक काढा, चकत्या उलट्या फिरवा. पाना बसायच्या मधल्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. एवढ्या जुन्या ७ गिअरवाल्याला बहुतेक फ्रीव्हीलच निघेल. ते अख्खं एक नग म्हणून बदलायचं, नाना पेठेत सहज मिळेल. शिफ्टर ७ चाच राहू दे. ६, ७ आणि ८ ला चेन एकाच रुंदीची चालते, म्हणजे तुमची नवी चेन वाया गेली नाही.

खडकवासला_एक्सप्रेस
फ्रीव्हीलच आहे. मोठ्या चकतीला २८ दाते. ३४ वालं टाकलं तर चढाला हलकं जाईल का?

मेकॅनिकची_मुलगी
जाईल. डिरेलर लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेला) हवा. आणि तुमची चेन २८ च्या मापाने कापलीये, आखूड पडू शकते. पुढे मोठी मागे मोठी अशी डिरेलरमधून न नेता गुंडाळून बघा, वर एक आतली आणि एक बाहेरची कडी उरायला हवी. आखूड असताना चुकून मोठी-मोठी जोडी लागली तर डिरेलर तुटेल.

घाटमाथा
म्हणूनच म्हणत होतो, पुढे एकच चकती.

निळी_हरक्युलिस
अवांतर: चेन रॉकेलमध्ये धुता का डिझेलमध्ये?

सातारी_पेडल
डिझेल. पण धुतल्यावर पूर्ण सुकू द्या आणि चेनचं तेल घाला, इंजिन ऑइल नको, सगळी धूळ चिकटते.

खडकवासला_एक्सप्रेस
शनिवार रात्र, अपडेट. १२ खाचांचा पाना मित्राकडून आणला, फ्रीव्हील ढिम्म हलेना. चौदा वर्षं पेडल मारून मारून आवळलं गेलंय. आटे सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांच्या व्हाईसमध्ये पाना धरला आणि अख्खं चाक गाडीच्या स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवलं. दुसऱ्या झटक्याला सुटलं. काका म्हणाले नवं लावताना आट्यांना ग्रीस लाव नाहीतर परत माझ्याकडेच येशील, लावलं. १४-३४ बसवलं, डिरेलर लांब पिंजऱ्याचाच निघाला. चेनला जुन्या चेनमधल्या कड्या जोडल्या. मघाशी गल्लीतल्या चढावर उभं राहून चारवर मारलं, एकदाही सटकली नाही.

मेकॅनिकची_मुलगी
जुन्या कड्या काढा! त्या ताणलेल्याच आहेत, प्रत्येक फेरीला तेवढा तुकडा नव्या दात्यांवरून जाणार. नव्या चेनचा कापलेला तुकडा दुकानात असेल तर मागून घ्या, नाहीतर उद्यापुरती ही राहू दे आणि सोमवारी दुसरी चेन घ्या.

खडकवासला_एक्सप्रेस
सोमवारी घेतो. पुढच्या मधल्या चकतीवर अजून थोडी घरघर येतेय, ती पण झिजली असेल का?

चाकधर
तिचा बाजूने फोटो टाका.