रायझोमॅनिया: एकच जनुक किती दिवस पुरणार?

रायझोमॅनिया म्हणजे साखरेच्या बीटाच्या मुळांना होणारा विषाणूजन्य रोग. "आरझेड-१ जनुकाचं बियाणं लावलं की रायझोमॅनियाचा विषय संपला" असं म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. रोगाला प्रतिकार देणाऱ्या त्या जनुकाने कॅलिफोर्नियातलं बीट वाचवलं, हे मान्यच. पण तिथल्याच इंपीरियल व्हॅलीत २००२-०३ च्या सुमारास प्रतिकारक वाणांच्या शेतातही रोगट झाडं दिसायला लागली. उपटून बघितलं की तीच ओळखीची दाढी: मुळाला केसासारखे तंतूच तंतू, कंद आखडलेला आणि आडवा कापला तर आत तपकिरी रेषा.

झालं काय, तर रायझोमॅनियाच्या विषाणूत आरएनएचे (त्याच्या जनुकीय साहित्याचे) चार तुकडे असतात (काही ठिकाणी पाचवाही). तिसऱ्या तुकड्यावरच्या पी२५ प्रथिनात अमिनो आम्लांच्या साखळीतल्या ६७ ते ७० या चार जागा भलत्याच चंचल आहेत. बाकी विषाणू जगभर बऱ्यापैकी सारखा, सगळी गंमत या एवढ्याशा पट्ट्यात! इंपीरियल व्हॅलीत ६७ व्या जागी अ‍ॅलानीन हे अमिनो आम्ल जाऊन व्हॅलीन आलं आणि आरझेड-१ लंगडं पडलं. म्हणजे नवा विषाणू बाहेरून यायची गरजच नव्हती, एकाच जनुकावर भिस्त ठेवून आपणच त्याची निवड केली. म्हणून आता डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या रानटी बीटातलं आरझेड-२ हे दुसरं प्रतिकारक जनुक जोडीला घालतात. पीक फेरपालटाचं म्हणाल तर उपयोग थोडाच. विषाणू वाहून नेणाऱ्या पॉलिमिक्सा बीटे या मातीतल्या सूक्ष्मजीवाचे बीजाणू मातीत पंधरा-वीस वर्षंसुद्धा तग धरतात.